राजकन्येच्या हौदात किडे पडले

एका राज्यात राजाची लेक मासा होऊन काचेच्या हौदात राहत होती.

राजाचे नाव मकरंदपाळ. लेकीचे नाव नीलोत्पला. रत्नांच्या लोभाने राजाने ओढा अडवून एक तळे कोरडे केले होते. तळ्याखाली यक्ष राहत होता. यक्ष वर आला आणि म्हणाला, "माझे पाणी कुठे आहे?" राजाने रत्ने पाठीमागे लपवली. यक्ष म्हणाला, "मग आजपासून तुझी लेक पाण्यावाचून जगणार नाही." त्या क्षणी ती मासा झाली. वीतभर लांब, सोनेरी, पाठीवर एक काळी रेघ.

राजाने सभामंडपात पुरुषभर उंचीचा काचेचा हौद उभारला. आत वाळू घातली, पाणवेली लावल्या, कुमुदिनी लावल्या, सोबतीला गोगलगायी सोडल्या. राजाची लेक साध्या वाळूवर कशी राहील, म्हणून वर तळ्यातली रत्ने पसरली.

त्या राज्यात एक रीत होती. माहेरी असलेल्या लेकीसमोरून कोणी रिकाम्या हाताने जात नसे. जो भेटेल तो मूठभर काही देई. नीलोत्पला माहेरीच होती. म्हणून सकाळी राजा लाह्यांची मूठ टाकी, मग प्रधान, मग सेनापती, मग सगळे नगर रांगेने. सेनापतीची मूठ सर्वांत मोठी. याचा त्याला मोठा अभिमान होता.

एके दिवशी राणी इरावती हौदापाशी गेली आणि तिथेच थबकली.

"इकडे या," ती राजाला म्हणाली. "काचेला काय चिकटले आहे ते बघा."

राजाने पाहिले. पांढरे किडे. केसाहून बारीक, नखाएवढे लांब. काचेवर वळवळत होते, रत्नांच्या फटींतून डोके काढत होते, पाण्यात आकड्यासारखे वळत तरंगत होते. मोजता येणार नाहीत इतके. पाणी धुरकट झाले होते. नीलोत्पला वर येऊन तोंड उघडत होती, मिटत होती. तिला श्वास पुरत नव्हता.

मासा म्हणून ती मेली तर माणूस होऊन परत येणार नव्हती. हे सर्वांना ठाऊक होते.

राजाने मांत्रिक वज्रनखाला बोलावले. वज्रनखाने निळी पूड आणली.

"कृमी आहेत, महाराज. शत्रूने सोडलेले. चिमूटभर पूड टाकतो. माध्यान्हीपर्यंत एक उरणार नाही."

राजा म्हणाला, "टाक."

तेवढ्यात खिडकीत खंड्या पक्षी येऊन बसला. निळे पंख, लांब चोच. म्हणाला, "आधी वाटीत टाकून बघ."

"तू कोण?" राजाने विचारले.

"खंड्या. मासे खातो."

"मासे खाणाऱ्याचा सल्ला मी लेकीसाठी घेऊ?"

"तुझ्या लेकीकडे मी रोज बघतो. फुगली आहे, सुस्त आहे. असले मी खात नाही. माझा काही स्वार्थ नाही."

सेनापतीने धनुष्य उचलले. राजाने हाताने थांबवले. वाटीत हौदाचे पाणी घेतले, त्यात किडे घेतले, एक गोगलगाय घेतली आणि पूड टाकली. किडे मेले. गोगलगाय शंखातून बाहेर लोंबली आणि तीही मेली.

राजाने वज्रनखाकडे पाहिले.

"मी कृमींबद्दल बोललो होतो," वज्रनख म्हणाला. "गोगलगायीचा शब्द दिला नव्हता."

"जा," राजा म्हणाला. तो गेला.

राजा खंड्याकडे वळला. "हे किडे कोणी सोडले?"

"कोणी सोडले नाहीत. ते वाळूत असतातच. प्रत्येक तळ्यात असतात, दिसत नाहीत. खायला मिळाले की वाढतात. तुम्ही त्यांना नगरभोजन घालता आहात."

"आम्ही लेकीला देतो."

"तिचे पोट केवढे? उरलेले कुठे जाते?"

राजाने हौदाच्या तळाकडे पाहिले. रत्नांच्या फटींत लाह्यांचा काळा लगदा साचला होता. राजा खाली वाकून ते बघत राहिला. मग म्हणाला, "काय करू ते सांग."

"तीन कामे. मूठ मीट. तळ उपस. मग स्वस्थ बस. तिसरे तुला जमणार नाही."

एवढे सांगून खंड्या उडून गेला.

पहिले काम राजाने लगेच केले. मंडपाच्या दारात तलवार आडवी ठेवून स्वतः बसला. लोक लाह्या घेऊन आले. राजा म्हणाला, "परत न्या."

रांगेत गिरजाक्का नावाची म्हातारी पुढे होती. तिने कंबरेवर हात ठेवले. "राजा, लेकीला उपाशी ठेवतोस? माझ्या जावयाने असे केले असते तर मी त्याला गावातून फिरवला असता."

"ठेवतो."

"लाज नाही वाटत?"

"वाटते. घरी जा, आक्का."

ती बडबडत गेली. तिच्यामागे रांगही गेली. सेनापती मात्र मूठ मिटून तिथेच उभा राहिला. शेवटी लाह्या त्याने स्वतःच खाल्ल्या.

दुसऱ्या कामाला पोकळ वेल हवी होती. काच न फोडता तळाची घाण ओढायला दुसरा उपाय नव्हता. अशी वेल एकाच ठिकाणी उगवे, त्या कोरड्या तळ्यात. राजा एकटा गेला. भेगाळलेल्या मातीवर यक्ष बसला होता.

"वेल हवी आहे," राजा म्हणाला.

"मागच्या वेळी विचारले नव्हतेस."

"या वेळी विचारतो."

"किती?"

"हौदाच्या काठावरून खाली उतरेल एवढी. जास्त नको."

यक्षाने त्याच्याकडे नीट पाहिले. "ने. आणि माझी रत्ने?"

"तळ उपसताना काढतो. आणून टाकतो. अडवलेला ओढाही सोडतो."

"मग ऐक. तुझी लेक स्वतःचा घास स्वतः शोधेल त्या दिवशी शाप फिटेल. इतके दिवस तू तिला शोधू दिलेस का?"

राजाने वेल तोडली आणि निघाला.

हौदापाशी आल्यावर त्याने वेलीचे एक टोक तळाशी धरले, दुसरे तोंडात घेतले आणि ओढले. तळाचे काळे पाणी सरळ राजाच्या तोंडात आले. तो थुंकला. प्रधानाने मान खाली घातली, सेनापतीने छताकडे पाहिले. राणी मात्र हसली. कित्येक महिन्यांत पहिल्यांदा हसली.

वेलीतून पाणी आपोआप वाहू लागले. खाली घंगाळे ठेवले होते. राजाने वेल तळावरून फिरवली, लगदा ओढला, लांब चिमट्याने एकेक रत्न उचलून टोपलीत टाकले. सोबत पुष्कळ किडे वाहून गेले. पण सगळे पाणी काढले नाही. सगळे काढले असते तर पाणवेली कोमेजल्या असत्या. गेले तेवढे पाणी ओढ्यावरून आणून हळूहळू भरले. रत्ने यक्षाला पोचती केली. ओढा तळ्याकडे सोडला.

पाणी स्वच्छ झाले. नीलोत्पला श्वासासाठी वर येईना. पण वाळूत किडे अजून होते.

मग तिसरे काम आले.

नीलोत्पला काचेपाशी आली. राजा दिसला की तिला खायला मिळायचे, म्हणून ती त्याच्यासमोर येऊन तोंड उघडू लागली. राजा डावीकडे सरकला तर तीही सरकली. लाह्यांचे ताट दोन हातांवर होते. राजाचा हात आपोआप तिकडे गेला. त्याने तो ओढून मांडीखाली दाबला.

राणी म्हणाली, "एकच दाणा देऊ?"

"नको."

"तुम्ही माणूस आहात की दगड?"

"ताट आत ने," राजा म्हणाला. राणीने ताट नेले आणि ती पडद्याआड जाऊन रडली. राजा उठला नाही. जेवलाही नाही. लेक मागत होती आणि तो बघत होता.

दुसरा दिवस गेला. नीलोत्पलाने काच सोडली. ती पाणवेलींतून एक फेरी मारून आली. मग मान खाली करून वाळूकडे पाहू लागली. वाळूतून एक पांढरा किडा वळवळत वर आला. ती थांबली. एकदम पुढे झाली आणि तिने तो गिळला.

राजा काचेजवळ सरकला.

तिने दुसरा शोधला. मग कुमुदिनीच्या मुळाशी तिसरा. आता तिची शेपटी जोराने हलत होती. सुस्ती गेली होती. ती वाळू हुंगत, पानांमागे डोकावत हौदभर फिरली. तेवढ्यात पाणी एकदा डचमळले, आणि हौदात छातीभर पाण्यात राजकन्या उभी होती. केसांत पाणवेल अडकली होती.

"आबा," ती म्हणाली, "बघत काय बसलात? शिडी आणा."

सेनापती शिडीसाठी धावला. राणी पडद्याआडून धावत आली. लेक शिडीवरून उतरताच तिने तिला ओल्या अंगानेच कवटाळले. राजा जवळ गेला.

"जेवतेस का?"

"नको. आता नको."

राजाने दुसऱ्यांदा विचारले नाही.

पुढे तळे भरले आणि यक्ष त्याच्या जागी गेला. मूठ देण्याची रीत राज्यात टिकली, पण मूठ उघडण्याआधी लेकीला विचारायचे, एवढी भर पडली. हौद मंडपातच राहिला. त्याच्या वाळूत चार पांढरे किडे असत. त्यांचे कोणी काही मनावर घेतले नाही.

तिथले पाणी निवळले. ऐकणाऱ्यांचे मनही निवळो.