पातळ ताक, पुसट दाढी

शेवटी दाढी कुणाची उतरली असंल? गुरूची का चेल्याची? लावा डोकं. चुकलात तर उद्या माझ्यासंगं भांडी घासायला यायचं.

मी मठातला आचारी, शिवण्णा. मला सही तेवढी येते.

आमचा विरूपाक्ष मात्र शिकलेला. मठाच्या जुन्या कॉम्प्युटरवर त्यानं लिनक्स नावाची नवी सिस्टीम बसवली, तवापासनं मान ताठ. उद्यावर जत्रा, मठाच्या गुरूंचा, आप्पाजींचा फोटो घरोघर द्यायचा. न् प्रिंटरातनं निघाली पुसट, रेघारेघांची दाढी.

मठाचे पंच म्हणले, "संध्याकाळपतूर नीट आलं न्हाई तर ते लिनक्स काढा, न् ह्यालाबी तिथनं उठवा."

विरूचं तोंड एवढंसं झालं. पण अकड तीच.

"प्रिंटरच खराब आहे, आप्पाजी."

"नसला तर?"

"ज्याची चूक त्याची दाढी उतरवायची."

"बघ हं..."

"बघितलं."

शाई बदलली. कागद बदलला. प्रिंटरचं तोंड धुतलं. दाढी पुसट ती पुसटच.

दुपारी पंगत बसली. आप्पाजींनी मला हळूच बोलवून कानात काहीतरी सांगितलं. मला असली कामं लई आवडतात.

विरूनं ताक तोंडाला लावलं. "शिवण्णा, हे पाणी आहे."

मी दुसरं वाढलं.

"वाटीच खराब आहे."

वाटी बदलली. तेच.

"मग मडकं बघ तुझं."

"मडक्याला कशाला नावं ठेवतोस? मला सांगितलंय तसं वाढतोय."

"काय सांगितलंय?"

"ह्याला पातळ वाढ."

विरूनं आप्पाजींकडं बघितलं. आप्पाजी निवांत दाट ताक पीत होते...

"तुझ्या प्रिंटरला काय सांगितलंय रे?"

पोरगं उष्ट्या हातानं पळालं.

कॉम्प्युटरचा निरोप प्रिंटरला पोचवतो, त्याला म्हणं ड्रायव्हर म्हणतात. त्याच्या सेटिंगमधी लिहिलेलं होतं, ड्राफ्ट. म्हंजे कच्चं छाप, शाई वाचव. विरूनं तिथं सगळ्यात चांगली क्वालिटी लावली, फोटोचा कागद निवडला, न् बटण दाबलं.

काय सांगू... दाढीतला केस न् केस मोजून घ्या. पंचांनी फोटो कपाळाला लावला. एकानं तर विरूला उचलूनच घेतलं.

मी न्हाव्याला घेऊन हजर. "बस रे विरू."

विरू खाली बघत म्हणला, "ते ड्राफ्ट मीच लावलं होतं. श्रावणात आप्पाजी प्रवचनात म्हणले, प्रत्येक गोष्टीत काटकसर करा... उठलो न् पहिलं तेच केलं. मग विसरलो."





आप्पाजी उठले न् न्हाव्यापुढच्या पाटावर स्वतःच जाऊन बसले. विरूनं पाय धरले. "आप्पाजी, उद्या लोक फोटो बघतील न् तुम्हाला शोधतील."

आप्पाजींनी हनुवटी वर केली.

न्हाव्यानं वस्तरा मागं घेतला. "थोडी ठेवू का, महाराज?"

"सगळी काढ... आता काटकसर नको."