काळ्या खडकापाशी दिसलेलं पाणमांजर

एकदा एका नदीकाठी एक वृद्ध आचार्य आपल्या शिष्यासह राहत असत. नदीत पाणमांजरं मोजकीच उरली होती, आणि जाळ्यात अडकून तीही मरत होती. कोळी म्हणाले, "वरचा आणि खालचा, या दोन डोहांपैकी एका डोहात आम्ही जाळं टाकणार नाही. कुठल्या, ते तुम्ही पाहून सांगा." डोह चुकला तर पाणमांजरं संपणार होती.

आचार्यांनी पाठशाळेचे विद्यार्थी आणि गावातली हौशी माणसं टेहळणीला बोलावली. निघताना ते सहज म्हणाले, "काल खालच्या डोहात, काळ्या खडकापाशी, मला पाणमांजर दिसलं बरं का." झालं! सगळे खालच्याच डोहावर जाऊन बसले.

शिष्याचा या मंडळींवर काडीचा विश्वास नव्हता. ही गप्पा छाटतील, डुलक्या काढतील आणि येऊन वाटेल ते ठोकून देतील, असं त्याला वाटे. म्हणून तोही गुपचूप मागोमाग गेला आणि झाडीत दडून बसला.

संध्याकाळी जो तो सांगू लागला, "काळ्या खडकापाशी दिसलं." एक मुलगी तेवढी खाली मान घालून म्हणाली, "मला नाही दिसलं."

"झोपली असशील," शिष्य खेकसला. "मी स्वतः त्याची ओली पाठ पाहिली. आचार्य, कोळ्यांना निरोप धाडू या."

आचार्यांनी त्या रडवेल्या मुलीला आपल्या शेजारी बसवून घेतलं. शिष्याच्या मनात पाल चुकचुकली. "हिच्याशी तुमचं आधीच काही ठरलं होतं का?"

"नाही रे. मी काल घराबाहेरच पडलो नव्हतो. यांचे डोळे कुणाचं ऐकतात, ते मला पाहायचं होतं. ही माणसं लबाड नाहीत. माझ्यावर माया करतात, म्हणून माझा शब्दच त्यांना पाण्यात दिसला. वरच्या डोहाकडे कुणी फिरकलंसुद्धा नाही. आणि तू सगळ्यांवर संशय घेतलास, फक्त स्वतःचे डोळे वगळलेस. उद्यापासून मी आधी काही बोलणार नाही. दोन्ही डोहांवर बसा, आपापसांत बोलू नका, आणि नाही दिसलं तर तेही येऊन सांगा."

शिष्याला फार लाज वाटली. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा खालच्या डोहावर बसला आणि परतल्यावर हळूच म्हणाला, "मला काहीच दिसलं नाही."

"आता तुझ्या शब्दावर कोळ्यांना निरोप धाडता येईल," आचार्य म्हणाले.

पाणमांजरं वरच्या डोहावर बसलेल्यांना दिसली. तिथे पुन्हा जाळं पडलं नाही.

मुलांना पक्षी मोजायला नेणाऱ्या आपण मोठ्यांनी निदान वाटेत तरी, कुठे काय दिसेल ते न सांगता, गप्प बसावं.