मालक, मी कुणावर टेकू?

खूप जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हा घरंसुद्धा ऐकत असत.

डोंगराच्या पायथ्याशी एका गावात एक माणूस स्वतःचं घर बांधायला निघाला. त्याच्या बायकोला दिवस गेले होते. बाळ नव्या घरातच जन्मावं, अशी दोघांची फार इच्छा होती.

त्या गावात घर बांधायचं तर आधी मुकादम नेमत. "मला कशाला हवा मुकादम?" माणूस म्हणाला. "घर माझं, सगळ्यांवर नजरही मीच ठेवीन." यात वावगं काहीच नव्हतं. पुढे त्याने जे केलं, ते मात्र वावगं होतं.

तिथले कारागीर दुपारची भाकरी एका झाडाखाली, एकत्र बसून खात. खाता खाता सुतार गवंड्याला सांगे, तुळई कुठे येणार; गवंडी पाथरवटाला सांगे, भिंत किती जड होणार. या शहाण्याला वाटलं, हे कामचुकार माझ्याविरुद्ध खलबतं करतात! त्याने ती पंगतच मोडली. प्रत्येकाला वेगळं बोलावलं आणि बजावलं, "एकमेकांशी बोलायचं नाही. जे विचारायचं ते मला विचारा."

म्हातारा सुतार म्हणाला, "आम्ही गप्प बसू, मालक. पण घर ऐकतंय."

माणूस नुसता हसला.

घर उभं राहिलं. देखणं होतं, खोटं कशाला बोलू? माणूस आधी एकटाच आत गेला. बाहेर भर दुपार होती, तरी आत गारठा होता. डोक्यावरून आवाज आला, "मालक, मी कुणावर टेकू?"

तुळई विचारत होती. "भिंतीवर," तो कसाबसा म्हणाला.

"मालक, माझ्यावर हे कोण आलंय?" भिंत म्हणाली. "मी तर कुणालाच ओळखत नाही."

मग पाया बोलला, कौलं बोलली, दार बोललं. एकदा सांगून भागत नव्हतं, सगळी पुन्हा पुन्हा विचारत. उत्तराला जरा उशीर झाला, की तो कोपरा हळूच खचे.

बायको शेवटी माहेरीच बाळंत झाली. तान्ह्या लेकीला घेऊन ती दाराशी आली, तेव्हा उंबरा म्हणाला, "मालक, ह्या कोण?"

ती लेकीला घेऊन मागे सरली. "अहो, बाहेर या! पडू दे ते घर. लेक तरी बघा तुमची!"

"आलो असतो गं," आतून घोगरा आवाज आला. "पण मी गप्प झालो, की सगळं खाली येईल. इतक्या हौसेनं बांधलंय... भिंतीवर टेक! तुला नाही गं, तुळईला म्हणालो."

ती रोज येऊन हाका मारी. आतला आवाज बसत चालला. एका दुपारी तो आलाच नाही, आणि घर आवाज न करता खाली बसलं. बापाने लेकीचं तोंड पाहिलं नाही, याचं मला अजून वाईट वाटतं.

पुढे त्या लेकीने घर बांधलं. मुकादम तीच होती. पण दुपार झाली, की ती भाकरी घेऊन कारागिरांच्या मधोमध जाऊन बसे. जुन्या ढिगाऱ्यातून तेव्हा बारीक आवाज येई, "मालक, मी कुणावर टेकू?" जेवणारे क्षणभर थांबत, आणि मग जास्तच मोठ्याने बोलू लागत.

तात्पर्य : जो आपल्या माणसांना एकमेकांशी बोलू देत नाही, त्याला सगळा भार एकट्याच्या आवाजावर पेलावा लागतो.