पदरासकट गोधडी

डोंगराच्या अगदी माथ्याजवळ, जिथे थंडी दिवाळीला यायची आणि होळी होऊन गेली तरी हलायचं नाव घ्यायची नाही, तिथे फार पूर्वी एक गोधड्यांचं गाव होतं.

त्या गावात मुलीला सोळावं लागलं की पहिली गोधडी एकटीनं शिवावी लागे. घरातलं जुनेर, म्हणजे वापरून वापरून मऊ पडलेली लुगडी आणि धोतरं, एकावर एक अंथरायचं, वर रंगीत ठिगळं मांडायची आणि त्यावरच बसून चारी कडांकडून मधोमध टाके घालत जायचं. गोधडी पुरी झाली की ती देवळाच्या ओट्यावर न्यायची. तिथे थोरल्या बाई, म्हणजे गावातली सगळ्यात वयस्कर बाई, डोळे मिटून तिच्यावरून तळहात फिरवत. हात न अडकता पलीकडे गेला, तर त्या मुलीला ओट्यावर बसून जन्मभर शिवायची मुभा मिळे.

टाका लहानमोठा झाला तर उसवून पुन्हा घालता येई. एका चुकीला मात्र माफी नव्हती. शिवता शिवता मुलीचा पदरच गोधडीत शिवला गेला, तर तिची सुई काढून घेत. मग तिनं उरलेलं आयुष्य दुसऱ्या बायकांच्या सुयांत दोरे ओवत काढायचं.

अशी एक बाई गावात होती. तीस वर्षं ती ओट्याच्या कोपऱ्यात बसून दोरे ओवत होती. सगळे तिला ओवणारी म्हणत. ती फारशी बोलत नसे.

त्याच गावात हौसा नावाची मुलगी होती. तिला सगळीकडे ठिगळंच दिसत. वाळत घातलेल्या मिरच्यांशेजारी हिरवं लिंबू ठेवलेलं दिसलं की ती हातातली घागर विसरून उभी राही. पहिल्या गोधडीत तिनं लाल खणाचे तुकडे आडवे न लावता तिरपे लावले होते आणि त्यांच्यामधून निळ्या लुगड्याची एक पट्टी वळणं घेत नेली होती. असं कुणी केलेलं नव्हतं. थोरल्या बाईंना मात्र चौकोनच आवडत.

ओट्यावर जायच्या दिवशी दुपारी तिनं मधला शेवटचा टाका घातला, दोरा तोडला आणि उठली. गोधडीही तिच्याबरोबर उठली.

हौसानं खाली पाहिलं. सकाळी शिवायला बसताना पदर खोचायचा राहिला होता. तो कडेवरून गोधडीच्या पाठीला सरकला होता आणि त्याच्यावरून एक नाही, दोन नाही, चांगल्या नऊ ओळी गेल्या होत्या. उसवावं म्हटलं तर जुनेर इतकं विरलेलं होतं, की नऊ ओळी काढताना कापडाच्या चिंध्या झाल्या असत्या. आणि उन्हं कलली की ओट्यावर हजर व्हायचं होतं.

आई चुलीपाशी होती. तिनं वळून पाहिलं आणि तिच्या हातातली पळी तशीच राहिली. मग तिनं उठून आधी दार लावलं.

"कात्री आण," ती हळूच म्हणाली. "पदर काप. उरलेला तुकडा कडेला आत सरकव आणि वर एक ठिगळ मार."

"आई, त्यांच्या हाताला कळेल."

"नाही कळत."

"तुला काय माहीत?"

आई म्हणाली, "माझ्या पहिल्या गोधडीत माझा पदर आहे. बावीस वर्षं झाली. कुणाला कळलंय?"

हौसा आईकडे बघत राहिली. एकेक गोष्ट आता तिला उलगडायला लागली. आई ती गोधडी कधी कुणाला पांघरायला देत नसे. ती धुवायला नदीच्या पार वरच्या अंगाला एकटीच जाई. पाहुणे आले की तीच गोधडी आधी पेटीत जाई. आणि त्यानंतर आईनं जितक्या गोधड्या शिवल्या, त्या सगळ्या एकसारख्या, पांढऱ्या चौकोनांच्या. शिवताना ती दर चार टाक्यांनी थांबून कमरेशी हात नेऊन पदर चाचपून बघे. हौसाला वाटायचं, आईची ती सवयच आहे.

"तुला शिवायला आवडतं का गं?" हौसानं विचारलं.

"आवडायला वेळ कुठे असतो," आई म्हणाली. "लक्ष ठेवावं लागतं."

हौसाला एका बाजूला आई दिसली आणि दुसऱ्या बाजूला ओवणारी. चूक लपवली तर हे, सापडली तर ते. तिनं सुई मुठीत घेतली, गोधडी गोळा करून खांद्यावर टाकली आणि पदरासकट दाराबाहेर पडली. आई मागून हाका मारत राहिली.

गल्लीत बायका थांबून बघायला लागल्या.

"अगं हौसा, तू गोधडी नेतेस का गोधडी तुला नेते?"

"लग्न लावलंय वाटतं तिच्याशी. गाठ मारलेली दिसते."

हौसाचे कान तापले. पण ती थांबली नाही, कारण थांबली असती तर परत फिरली असती.

ओट्यावर तिनं गोधडी अंथरली आणि पदर अडकलेला म्हणून तिच्या कडेलाच ओणवी उभी राहिली. थोरल्या बाईंनी डोळे मिटायच्या आधीच सगळं पाहिलं.

"हे काय?"

"शिवताना पदर आत गेला, थोरल्या बाई. भान नव्हतं."

"भान नसलेल्या बाईच्या हातात सुई देत नाहीत. ठेव खाली."

"का देत नाहीत?"

ओट्यावरचे हात थांबले. थोरल्या बाईंना सत्तर वर्षांत 'का' असं कुणी विचारलं नव्हतं.

"नियम आहे. नियमाला का विचारलं की तो उसवतो."

"मग कच्चाच शिवला असेल," हौसा म्हणाली.

कुणीतरी तोंडाला पदर लावला. थोरल्या बाई मात्र हसल्या नाहीत. त्या शांतपणे म्हणाल्या, "कारण ऐकायचंय ना? ऐक. जी बाई गोधडीत शिवली जाते, ती घरात निम्मीच उरते. दूध उतू जातं, पोरं रडतात, आणि ती तिथेच, गोधडीत. माझ्या सासूनं मला हे सांगितलं, आता मी तुला सांगते."

हौसाला भीती वाटत होतीच. पण हे ऐकून तिला कळलं की चूक पदराची नव्हतीच, बाईनं शिवण्यात हरवून जाणंच यांना नको होतं.

"दूध उतू गेलं तर चूल पुसेन," ती म्हणाली. "पण सगळीच्या सगळी घरात राहून अशी गोधडी होत नाही. तुम्ही अजून तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. पदरच बघताय."

थोरल्या बाईंनी हात पुढे केला. "सुई."

हौसानं सुई मुठीत घट्ट धरली. इतकी, की टोक तळव्यात रुतलं.

तेवढ्यात कोपऱ्यातून ओवणारी उठली. ती गोधडीपाशी आली, वाकली आणि तिरप्या लाल तुकड्यांमधून गेलेल्या त्या निळ्या पट्टीवरून बोट फिरवत राहिली. मग तिनं कात्री घेतली आणि पदर कापला, पण कडेशी नाही. वीतभर लांब सोडून कापला. मोकळा तुकडा गोधडीच्या वर पालटला, त्याची कड दुमडली आणि हौसाच्या मुठीतून सुई काढून घेऊन ती टाके घालायला लागली.

पहिला टाका वाकडा पडला. दुसराही.

"तुला शिवायची मुभा नाही," थोरल्या बाई म्हणाल्या.

ओवणारीनं मान वर केली नाही. "थांबा जरा, थोरल्या बाई. दोरा संपू दे."

दोरा संपला, तेव्हा त्या दोघींना ओट्यावरून उठवलं गेलं. पुन्हा पायरी चढायची नाही असं सांगितलं. सुई काढून घ्यायचं मात्र त्या गडबडीत राहूनच गेलं.

दोघी गावाबाहेरच्या चिंचेखाली बसून शिवायला लागल्या. वारा कडकडीत होता. हौसा रोज बायकांच्या बोलण्याला धास्तावे, रात्री नीट झोपत नसे, आणि सकाळी पुन्हा चिंचेखाली जाई. तिची भीती काही गेली नाही. फक्त सुई हातात घेतली की भीती जरा बाजूला सरकून बसे.

आठव्या दिवशी आई आली. बगलेत ती बावीस वर्षांची गोधडी होती. तिनं ती भर उन्हात पसरली, बसली आणि एक ठिगळ उसवलं. आतून हिरव्या पदराचा तुकडा निघाला. आत दडलेला असल्यामुळे त्याचा रंग जराही उडाला नव्हता.

"काय सुंदर हिरवा होता गं," आई म्हणाली आणि रडली.

त्यानंतर एकेक बाई यायला लागली. कुणी बघायला, कुणी नावं ठेवायला, कुणी सुई घेऊन. थोरल्या बाई आपण चुकलो असं कधी म्हणाल्या नाहीत. गुडघे दुखतात म्हणून त्यांनी ओट्यावर यायचं बंद केलं, इतकंच. नियम मोडला असं कुणाला म्हणावं लागलं नाही.

आणि ओवणारी? लोकांना वाटलं होतं, तीस वर्षांनी तिला काय जमणार. पण दुसऱ्यांचे दोरे ओवताना तिच्या मनात एकामागून एक गोधड्या रचून झाल्या होत्या. ती फक्त त्या उतरवून घेत होती. कुठला तुकडा कुठे लावायचा, हे तिनं एकदाही कुणाला विचारलं नाही.

तात्पर्य: जीव ओतून काम करणाऱ्याच्या हातून चूक होणारच. ती लपवली तर जन्मभर तिची राखण करावी लागते, उघडी ठेवली तर तिच्यावरही नक्षी काढता येते. आणि नुसतं वय वाढलं म्हणून दुसऱ्याच्या हातातली सुई काढून घ्यायचा हक्क कुणालाही मिळत नाही.