करवंटीभर पीठ, करवंटीभर गूळ

खूप खूप वर्षांपूर्वी डोंगरावरच्या एका राज्यात एक भटारी राहत होता. गडदेवीच्या जत्रेला तो दरवर्षी नव्या गव्हाचा एकच मोठा रोट भट्टीत भाजायचा. रोट तडकला की राज्य तडकणार, अशी तिथली समजूत होती. म्हणून नियमही तसाच होता. रोट तडकला, तर मळणाऱ्याचा कडेलोट!

भटाऱ्याला त्याची कधी भीती वाटली नाही. त्याच्याकडे आजीची करवंटी होती. तीन करवंट्या पीठ, एक करवंटी गूळ, अर्धी करवंटी तूप, की झाला रोट.

मग गादीवर नवा राजा आला. व्यापारी घेताना मापावर शीग चढवून घेतात आणि देताना काठोकाठ सपाट माप देतात, हे पाहून तो संतापला. त्याने दवंडी पिटवली, "यापुढे सगळं तागडीनेच तोला. ज्याच्या घरात जुनं माप सापडेल, त्याचा अंगठा छाटू!"

हेतू चांगला होता, यात शंका नाही. पण हेतू चांगला म्हणून सुरी बोथट होत नाही.

घरोघरची जुनी मापं मोडून वजनं ठरवून देत राजाचा तोलदार भटाऱ्याकडे आला. त्याने करवंटीत गूळ भरला, तोलला आणि करवंटी दगडावर आपटली. तिचे दोन तुकडे झाले.

"करवंटी म्हणजे तीस तोळे," तो म्हणाला. "म्हणजे पीठ नव्वद, गूळ तीस, तूप पंधरा. कळलं?"

"जी, सरकार," भटारी म्हणाला.

तोलदार गेल्यावर त्याची बायको म्हणाली, "अहो, पिठाची करवंटी मी सहज उचलते. गुळाची उचलताना मनगट वाकतं. दोन्ही तीस तोळे कशा भरतील? विचारा की त्यांना!"

"हळू बोल! भिंतीलाही कान असतात. अंगठा गेला तर मळू कशाने?"

बायकोने करवंटीचे तुकडे उचलले, लाखेने सांधले आणि पदराखाली लपवले.

जत्रेच्या सकाळी तोलदार तागडी घेऊन समोर उभा राहिला. भटारी मळायला बसला. पीठ कोरडं, भुसभुशीत, मुठीत धरलं तरी सुटायचं. हाताला चूक कळत होती. 'थोडं तूप द्या' एवढंच म्हणायचं होतं, पण जीभ उचलेना. त्याने तसाच रोट थापला आणि भट्टीत ठेवला.

देवीसमोर रोटावरचं फडकं काढलं. रोटाला मधोमध भेग गेली होती.

राजा ओरडला, "हिशेब कोणाचा?"

"माझा हिशेब बरोबर आहे, महाराज. यानेच नीट मळलं नाही," तोलदार म्हणाला. भटारी तेव्हाही बोलला नाही. शिपायांनी त्याला देवळामागच्या कड्यावर नेलं. त्याच्या पायाखालचे खडे दरीत पडत होते आणि पडल्याचा आवाज वर येत नव्हता.

"थांबा!" बायको धावत आली. तिने पदराखालची करवंटी काढून राजापुढे धरली. "माझा अंगठा छाटा, महाराज. पण आधी हिच्यात पीठ भरून तोला."

राजाने स्वतः तागडी धरली. गूळ भरला तीस तोळे. पीठ भरलं अठराच.

"म्हणजे तीन करवंट्या पीठ चोपन्न तोळे, नव्वद नव्हे!" राजा म्हणाला. मग त्याने भटाऱ्याला सोडवलं. तोलदाराची तागडी काढून घेतली आणि बाईच्या हाती दिली. अंगठा छाटायचा हुकूम त्याच दिवशी रद्द झाला आणि कडेलोटाचा नियमही गेला.

भटारी वाचला, पण कड्यावर सुरू झालेलं त्याच्या हातांचं कापणं काही थांबलं नाही. पुढे रोट बायकोच मळू लागली. तो शेजारी बसून सांधलेल्या करवंटीकडे पाहायचा आणि म्हणायचा, "मला कळत होतं गं. बोललो नाही."

बोध: भांडं एक असलं तरी वस्तूंचं वजन एक नसतं, आणि चूक दिसत असून भीतीपोटी जो गप्प बसतो, तो स्वतःलाच कड्यावर नेतो.