खारशेतची डोणी

खारशेत गावात, ख्रिस्ताच्या देवळासमोर, काळ्या दगडाची एक लांबट डोणी आहे. वर्षभर ती कोरडी असते. पेरणीच्या आधी मात्र गावातले प्रत्येक घर आपले बियाण्याचे भात त्या एकाच डोणीत आणून ओतते. त्यानंतर कुणाचे बी कोणते, हे कुणालाही सांगता येत नाही. पाहुण्यांना याचे नवल वाटते. तेव्हा गावचे वयोवृद्ध दुमिंगबाबा त्यांना डोणीच्या कडेला बसवून जी कथा सांगतात, ती अशी.

फार पूर्वी, म्हणे, एका उधाणात खाडीचा बांध फुटला आणि समुद्र शेतांतून घरांत शिरला. माणसे वाचली, बियाणे घरोघर खाऱ्या पाण्यात बुडाले. खाडीपलीकडच्या गावांचीही तीच गत झाली. कोरडे राहिले ते एकट्या इनासचे. त्याचे घर उंचवट्यावर होते, आणि चुलीवरच्या माळ्यावर, पेंढ्यात घट्ट वळलेल्या मुड्यांत, धुराच्या उबेला बी जपण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता.

सारे गाव त्याच्या अंगणात आले. इनास कठोर नव्हता, परंतु आपल्या कसबाचा त्याला फार अभिमान होता.

"बी सगळ्यांना देतो," तो म्हणाला, "पण पिकाची पहिली पेंढी यापुढे वेदीवर नको. माझ्या दारी आणायची."

जीवनदात्याची ओळख ठेवावी म्हणून पहिली पेंढी वेदीवर ठेवायची, अशी गावाची रीत होती. लोकांनी माना खाली घातल्या. घरात उपाशी मुले असताना नाही कोण म्हणणार?

वृद्ध पाद्रीबाबांनी एवढेच विचारले, "इनास, बी तू राखलंस, खरं आहे. त्यातला जीव कुणी घातला?"

"घातला असेल देवानं कधी काळी," इनास हसून म्हणाला. "आता तो माझ्या चुलीच्या धुरावर जगतोय."

"त्याला कधी काळी असं काही नसतं रे," पाद्रीबाबा म्हणाले. "ज्याला आरंभ नाही, त्याचं काम संपलेलंही नसतं."

अट न स्वीकारता परतली ती एकटी रेमेत नावाची विधवा. तिच्याजवळ समुद्रात भिजलेले भात होते. ते कांडून मुलांचे काही दिवस सहज निघाले असते. तिने ते देवळासमोरच्या डोणीत ओतले, विहिरीचे गोडे पाणी शेंदून त्यातला खार धुऊ लागली, आणि पाणी गोड लागेपर्यंत धूतच राहिली. डोणीत तेव्हा गुरे पाणी पीत.

शेजारच्या कैतानला राहवले नाही. "रेमेतबाय, पेरतेस की लोणचं घालतेस?"

"लोणचं झालं तर पहिलं तुझ्याच पानात वाढीन," ती म्हणाली. "ज्यानं समुद्र केला, त्यानंच भात केला. आत अजून काही उरलं असेल तर तो जाणे. मी धुण्याचं काम करते."

इकडे हवा दमट झाली. साऱ्या गावाची पेरणी आपल्याच माळ्यावर टांगलेली आहे, या जाणिवेने इनास धास्तावला. ओल शिरू नये म्हणून त्याने चुलीचा जाळ वाढवला, आणि वाढवीतच गेला. मुडे खडखडीत कोरडे राहिले, तसा तो निश्चिंत झाला. पुढे बी वाटले गेले, घरोघर मोड येण्यासाठी भिजत घातले गेले. पण एकाही दाण्याला मोड आला नाही. दाणा तोच होता, रंगही तोच. आत कुणी नव्हते.

त्या दिवशी गाव हताश होऊन देवळाकडे निघाले. वाटेत रेमेतने धुतलेल्या भातावर झाकून ठेवलेला पेंढा बाजूला केला. खाली पांढरे, टोकदार मोड उठले होते. सगळ्या दाण्यांना नव्हे, पण पुष्कळांना.

इनास सर्वांच्या मागे उभा होता. बऱ्याच वेळाने पुढे येऊन त्याने ओंजळीत दाणे घेतले. "कसं केलंस हे, बाय?"

"मी काय करणार, दादा? धुतलं, झाकलं आणि घरी गेले."

"राखायला बसली नाहीस?"

"बसून काय, मोड कसा काढायचा ते दाण्याला मी शिकवणार होते होय?"

लोक हसले, आणि इनासही हसला. रेमेतने प्रत्येक घराला वाटा दिला. इनासलाही तेवढाच दिला.

"आणि पेंढी?" त्याने खालच्या आवाजात विचारले.

"पेंढी जिथली तिथं जाईल. पण तू उचलून ने. खांदा मजबूत आहे तुझा."

त्या वर्षी शेते विरळ होती. गावाने मासळीवर आणि कंदांवर दिवस काढले. पण पहिली पेंढी इनासने स्वतः वेदीवर नेऊन ठेवली. पुढे त्याने धुराचे आपले कसबही घरोघर शिकवले, आणि जाळ कुठे थांबवायचा हे तो सर्वांत आधी सांगे, असे म्हणतात.

आजही खारशेतचे लोक एकत्र ओतलेले बी भिजवतात, पाणी काढून टाकतात, वर पेंढा पसरतात आणि आपापल्या घरी जाऊन जेवतात. डोणीजवळ राखणीला कुणी बसत नाही. पाहुण्याने कारण विचारलेच, तर दुमिंगबाबा आवाज थोडा खाली आणून सांगतात, "आत काम चाललंय."