निवासने ताईचं सगळं ऐकलं

सांगलीकडच्या एका गावात निवास नावाचा एक भोळा पोरगा होता. भोळा म्हणजे किती भोळा? नवा फोन घेतला तेव्हा दुकानदार म्हणाला, "सांभाळून वापर." तर हा पठ्ठ्या चार दिवस फोन दोन्ही हातांनी धरून फिरला. जेवण आईने भरवलं.

घरात आई, अण्णा, आबा म्हणजे आजोबा, आणि मोठी बहीण पल्लवी. पल्लवीताई तालुक्याला कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायची. निवासला काहीही समजवायचं तर ती फोनचं उदाहरण द्यायची, कारण दुसरं काही त्याच्या डोक्यात शिरायचंच नाही. फोनचं मात्र झटकन शिरायचं. आणि एकदा शिरलं की बाहेर निघायचं नाही.

एकदा आंघोळीच्या वेळी फोन बादलीत पडला. निवासने तो पिळून बघितला. पिळेना. मग दोरीवर चिमटा लावून वाळत घातला, अण्णांच्या बनियनशेजारी.

"अरे येड्या," ताई म्हणाली, "पाण्यात पडलेला फोन दोरीवर घालतात का? तांदळाच्या डब्यात पुरायचा. पूर्ण एक दिवस हात लावायचा नाही."

"बरं, ताई."

फोन वाचला. कसा वाचला ते तांदळालाच ठाऊक. पण निवास जाम खूश झाला.

दुसऱ्या दिवशी त्याला आबांच्या उशाशी पाण्याचा ग्लास दिसला. ग्लासात आबांची कवळी. अरेरे, ही पण पडली! निवासने ती उचलली, तांदळात खोल पुरली, डब्याचं झाकण लावलं. दुपारी आईने गप्पांच्या नादात डब्यातून दोन वाट्या तांदूळ काढले आणि कुकर लावला.

आबा सकाळपासून दात शोधत होते. दुपारी सापडले. ताटात, वाफाळत.

"आता मी भात खायचा," आबा म्हणाले, "का भातानं मला खायचं?"

ताईने कपाळाला हात लावला. "निवास, दुसऱ्याच्या वस्तूला हात लावण्याआधी परवानगी घ्यायची! फोनमध्ये ॲप कसं विचारतं? कॅमेरा वापरू का? माइक वापरू का? तू हो म्हटल्याशिवाय ते काही करत नाही. तसं वागायचं."

"बरं, ताई."

उन्हाळ्यात आईने अंगणात कुरडया वाळत घातल्या आणि निवासला राखणीला बसवलं. थोड्या वेळाने शेजारच्या शेवंतामावशीची शेळी आली. तिने एक कुरडई खाल्ली. निवास उठला आणि मावशीच्या घरी गेला. मावशी घरी नव्हती. मग मळ्यात गेला.

"मावशी, तुमच्या शेळीला हाकलू का?"

"हाकल की! विचारतोस काय?"

"काठी वापरू का?"

"वापर बाबा."

"तोंडाने आवाज करू का?"

"अरे, पळ आधी!"

"पळू का?"

परत आला तेव्हा शेळी रिकाम्या चादरीवर झोपली होती. आई रडत होती. आबांना त्यातल्या त्यात बरं वाटलं, कारण कुरडई त्यांना चावायचीच नाही.

"अरे, समोर शेळी दिसतेय तर विचारत काय बसतोस?" ताई ओरडली. "फोनवर अनोळखी नंबर आला की काय करतोस?"

"ब्लॉक."

"मग! आत घुसणाऱ्याला आधी ब्लॉक करायचं. चौकशी नंतर."

"बरं, ताई."

आता बघा, पुढचा रविवार ताईसाठी फार मोठा होता. तिला बघायला पाहुणे येणार होते. याआधीची स्थळं तिला आवडली नव्हती. हा सत्यजित मात्र आवडला होता. महिनाभर दोघं मेसेजवर बोलत होते. तो शुद्धलेखनाच्या चुका करायचा नाही, आणि मोठा मेसेज तुकड्या-तुकड्यांत पाठवायचा नाही. ताई आईला म्हणाली, "हेच जमायला पाहिजे गं. असा माणूस परत मिळायचा नाही."

पाहुणे वेळेवर आले. निवासने फाटकाला कुलूप लावलं.

"अहो, आम्ही मुलगी बघायला आलोय!" सत्यजितची आई म्हणाली.

"तुम्ही अनोळखी आहात. तुम्हाला ब्लॉक केलंय."

"असं काय करता? विचारा तरी आम्ही कोण ते!"

"चौकशी नंतर."

आत पोहे गार झाले. बाहेर पाहुणे गरम झाले. शेवटी आबांनी खिडकीतून बघितलं आणि कुलूप निघालं. नशीब म्हणजे सत्यजित हसत सुटला. इतका हसला की लग्न ठरलं. त्याची आई नाही हसली. म्हणाली, "आज झालं ते झालं. मांडवात असलं काही झालं तर मी मुलाला घेऊन चालती होईन."

रात्रीच्या जेवणाआधीच ताईने निवासला समोर बसवलं. "माणूस आधी ओळखायचा रे. फोन मालकाला कसा ओळखतो? तोंड बघतो, मगच उघडतो. मध्ये रुमाल आला तरी उघडत नाही. तोंड दिसल्याशिवाय पुढे काही करायचं नाही. कळलं?"

"बरं, ताई."

लग्नाचा दिवस आला. दारातच मांडव. नवरीला खिसा नसतो, म्हणून ताईने आपला फोन निवासकडे दिला. सत्यजितच्या आईने सत्यजितला बजावलं होतं, "तो मेहुणा आहे जरा तसाच. तो म्हणेल तसं कर, वाद घालू नकोस."

भटजींनी अंतरपाट धरायला लावला. एका बाजूला ताई, एका बाजूला सत्यजित, मध्ये स्वस्तिक काढलेलं फडकं. मंगलाष्टकं सुरू झाली. निवास ताईच्या मागे उभा. त्याने डावीकडून वाकून बघितलं, उजवीकडून वाकून बघितलं. ताईचं आयुष्यभराचं काम चाललंय आणि तिला समोरच्याचं तोंडच दिसत नाही!

त्याने हात लांब केला आणि अंतरपाट खस्सकन ओढला.

"बघ ताई," तो म्हणाला, "तोच आहे. आता चालू दे."

आपल्याकडे अंतरपाट निघाला की लोक घड्याळ बघत नाहीत. सगळ्यांनी उरल्यासुरल्या अक्षता एकदम फेकल्या. बँडवाल्यांनी बँड सुरू केला. चारशे माणसं पंगतीकडे पळाली. तिसरं मंगलाष्टक अर्धवट तोंडात ठेवून भटजी एकटेच उभे राहिले.

सत्यजितच्या आईचा चेहरा लाल झाला. पण ताई हुशार. ती शांतपणे म्हणाली, "आई, मुहूर्ताला अजून वेळ आहे. काही बिघडलेलं नाही. फोन अडकला की आपण काय करतो? बंद करून पहिल्यापासून सुरू. तसंच करू."

भटजी म्हणाले, "हो, पहिल्यापासून सुरू करू." सत्यजितची आईसुद्धा जरा निवळली.

निवास म्हणाला, "बरं, ताई."

भटजी नव्या अक्षता आणायला आत गेले. ताई मुंडावळ्या नीट करायला गेली. परत आली तर पाटावर सत्यजित नाही.

लग्न लागलं बरं का! संध्याकाळी, गोरज मुहूर्तावर. पण ते त्या दुपारी कुणाला माहीत होतं?

"निवास, हे कुठे गेले?"

"दाजींना गाडीत बसवून त्यांच्या गावाला पाठवलं. पहिल्यापासून आहे ना? तिकडून निघून येतील आता."

"आणि ते गेले?"

"म्हणाले, आमच्याकडे ही पद्धत नाही, पण तुमच्याकडे असेल. बसले."

सत्यजितच्या आईने त्याला फोन लावायला पर्स उघडली. सत्यजितचा फोन तिच्याच पर्समध्ये होता.

"गाडी मी ठरवलीय!" ताई म्हणाली. "ड्रायव्हरचा नंबर माझ्या फोनमध्ये आहे. दे, माझा फोन दे आधी!"

निवासने रिकामे हात पुढे केले.

"तो तांदळात आहे, ताई. उद्या दुपारपर्यंत हात लावायचा नाही."

"तांदळात? तांदळात कशाला?"

"ओला झालाय ना," निवास म्हणाला. "पहिल्यापासून म्हणजे बादलीपासून."